पाचशे दोन महिने

मंडळी, आमचं घरकर्ज फिटलं! वीस वर्षांचं कर्ज, चार वर्षं दहा महिन्यांत. एप्रिल २०२१ ला पहिला हप्ता गेला आणि जानेवारी २०२६ मध्ये शेवटचा चेक.

ऑफिसात ही बातमी फुटल्यापासून दोनच प्रश्न येतायत. पहिला, "लॉटरी लागली का रे?" आणि दुसरा, "वेडा आहेस का? होम लोन कुणी प्रीपे करतं का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नाही लागली. दुसऱ्याचं उत्तर कॅन्टीनमध्ये चहा संपेपर्यंत देऊन होत नाही, म्हणून शनिवारी सकाळी निवांत लिहायला बसलोय. आकडे बरेच आहेत. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी चहा घेऊन बसा, पण बसा. कारण हे सगळं प्रकरण एका आकड्यानेच सुरू झालं.

तर झालं असं. २०२१ च्या मार्चमध्ये आम्ही वारज्यात फ्लॅट घेतला. माळवाडीच्या बाजूला, जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, छोटासा टू बीएचके. त्याआधी कर्वेनगरात भाड्याने राहत होतो, त्यामुळे बाबांच्या दृष्टीने हे फक्त पूल ओलांडण्याइतकंच स्थलांतर होतं. मुद्रांक शुल्कातली सवलत ३१ मार्च २०२१ ला संपणार होती, त्यामुळे सगळं पुणं त्या महिन्यात घर घेत होतं की काय असं वाटायचं. किंमत ४३ लाख. बाबांची एफडी आणि माझी अडीच वर्षांच्या नोकरीतली बचत मिळून १८ लाख जमले, उरलेले २५ लाख कर्ज. मी २४ वर्षांचा, त्यामुळे सहकर्जदार म्हणून बाबा. दर ६.९ टक्के, मुदत २४० महिने, हप्ता १९,२३३ रुपये. भाड्यापेक्षा थोडासाच जास्त. सगळे म्हणाले, इतका स्वस्त दर पुन्हा मिळायचा नाही. ते खरंच होतं, फक्त तो दर आमच्याकडेही राहणार नव्हता.

२०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी फ्लोटिंग घरकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला बांधलेली असतात, बहुतेकांची रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटला. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर हलतो. मे २०२० पासून रेपो ४ टक्क्यांवर होता. ४ मे २०२२ ला तो हलला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत सहा उड्यांत ६.५ टक्क्यांवर गेला. म्हणजे आमचा दर ६.९ वरून ९.४.

गंमत अशी की हप्ता तोच राहिला. १९,२३३. खात्यातून दर पाच तारखेला तेवढेच पैसे जात होते. दर वाढल्याचा मेसेज यायचा, बाकी काही नाही. मला दर तिमाहीला कर्जाचा उतारा डाउनलोड करून एक्सेलमध्ये चिकटवायची सवय आहे (हो, मी तसला माणूस आहे :-)), आणि त्या शीटमध्ये एक कॉलम होता, हप्त्यातले किती रुपये मुद्दलात गेले त्याचा. तो कॉलम वरून खाली असा दिसत होता.

जून २०२२: ५,२६४ रुपये. जुलैला नवा दर लागला: ३,४७६. ऑक्टोबर: १,५३२. जानेवारी २०२३: ८६४. एप्रिल २०२३: ३८३.

तीनशे त्र्याऐंशी रुपये. १९,२३३ भरायचे, त्यातले १८,८५० व्याज, आणि कर्ज कमी होणार ३८३ ने. एवढ्यात आमच्याकडे चार प्लेट मिसळ येते, आणि तीही जादा पाव न मागता.

मग शिल्लक मुदत काढली. एक्सेलमध्ये एनपीईआर नावाचा फॉर्म्युला आहे, दर, हप्ता आणि शिल्लक दिली की किती महिने उरले ते सांगतो. उत्तर आलं ५०२. मला वाटलं मी सेल चुकीचा पकडला. बँकेच्या अॅपवर लॉगिन केलं, तिथेही ५०२. म्हणजे ४१ वर्षं १० महिने. २४० महिन्यांचं कर्ज, त्यातले २५ हप्ते भरून झालेले, आणि उरले ५०२! त्या वेळी मी २६ चा होतो. कर्ज संपेल तेव्हा ६८ चा असणार होतो. आणखी ९६ लाख ५५ हजार भरायचे होते, २४ लाखांसाठी.

आणि इंजिनियरच्या डोक्यात येतो तो पुढचा प्रश्न: अजून पाव टक्का वाढला तर? ९.६५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होत होतं १९,३४८ रुपये. हप्ता १९,२३३. एक्सेलने महिने सांगायचे सोडून एरर दिली. बरोबरच आहे, कारण त्या दराला ते कर्ज कधीच फिटलं नसतं, उलट दर महिन्याला शंभरेक रुपयांनी वाढत गेलं असतं. एप्रिल २०२३ च्या बैठकीत रिझर्व्ह बँकेने दर वाढवला नाही, आहे तिथेच ठेवला. त्या दिवशी टीव्हीवर पतधोरण बघणारा आमच्या इमारतीत बहुधा मी एकटाच असेन.

शाखेत गेलो. बँकेचं नाव नको, बाकीच्यांकडेही असंच चाललं होतं. तिथले साहेब सज्जन होते. म्हणाले, "सर, हप्ता तोच आहे ना? मग काळजी कशाला करता? आम्ही कस्टमरला त्रास नको म्हणून मुदत अॅडजस्ट करतो." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. बहुतेक लोकांना हप्ता वाढलेला आवडत नाही, म्हणून सिस्टिम आपोआप मुदत वाढवते. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर परिपत्रकच काढलं: दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं, दर तिमाहीला मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले याचा उतारा द्यायचा, आणि हप्ता व्याजापेक्षा कमी पडेल अशी मुदत ताणायची नाही. चांगला नियम आहे. पण तो उतारा उघडून बघायचं काम अजूनही आपलंच आहे.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. माझं कर्ज बाजूला ठेवू, आपल्या वयाच्या लोकांचं नेहमीचं उदाहरण घेऊ. ५० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता ४३,३९१. पहिल्या महिन्यात त्यातले ३५,४१७ व्याजात जातात आणि ७,९७४ मुद्दलात. निम्मं मुद्दल, म्हणजे २५ लाख, फिटायला किती काळ लागतो? दहा वर्षं नाही, १३ वर्षं १० महिने. उरलेलं निम्मं सव्वासहा वर्षांत फिटतं. यात बँकेचा काही कावा नाही हं. व्याज नेहमी शिल्लक मुद्दलावर लागतं, सुरुवातीला शिल्लक जास्त असते, एवढंच. पण यातून एक गोष्ट निघते जी आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना पटत नाही. पहिलं वर्ष संपल्यावर एक लाख जादा भरले तर कर्ज ११ महिने आधी संपतं आणि ३ लाख ८० हजारांच्या आसपास व्याज वाचतं. तेच एक लाख पंधराव्या वर्षाअखेर भरले तर वाचतात ५१ हजार. लाख तेच, माणूस तोच.

म्हणून "आत्ता पगार कमी आहे, पुढे मोठी रक्कम आली की एकदम टाकू" हे बोलणं ऐकलं की मला राहवत नाही. मोठी रक्कम येते तेव्हा तिची गरज संपत आलेली असते. याउलट महिन्याला ५,००० जादा, अगदी पहिल्या महिन्यापासून, याने हे ५० लाखांचं कर्ज साडेपंधरा वर्षांत संपतं आणि १४ लाखांच्या जवळपास व्याज वाचतं. दरवर्षी पगारवाढ झाली की हप्ता फक्त ५ टक्क्यांनी वाढवला तर सव्वाबारा वर्षं. माझा यावर विश्वास बसला नव्हता, दोनदा शीट बनवून बघितली. तुम्हीही बनवून बघा, वीस मिनिटांचं काम आहे.

आता मूळ गोष्ट. हे ५०२ चं प्रकरण मी घरी सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण त्याने जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. बाबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "माझा पीएफ काढ."

बाबा सातारा जिल्ह्यातल्या गावातून पुण्यात आलेले. त्यांच्या लहानपणी आजोबांच्या सातबाऱ्यावर विकास सोसायटीचा बोजा होता. 'इतर हक्क' या रकान्यात लिहिलेला तो बोजा वर्षानुवर्षं तसाच होता, आणि तलाठ्याकडून उतारा आणला की आजोबा आधी तोच रकाना बघायचे. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. त्यामुळे कर्ज म्हणजे बाबांसाठी टक्केवारी नाहीच, तो एक रकाना आहे. आणि आता सहकर्जदार म्हणून त्यात त्यांचं नाव होतं.

"अरे, पडूनच आहे तो पीएफ. घरासाठी काढता येतो. टाक एकदाचे आणि मोकळा हो."

"बाबा, तुम्हाला रिटायर झाल्यावर पेन्शन किती येणार माहितीये?"

"तू आहेस की."

या वाक्याला उत्तर नसतं. तरी मी शीट उघडली. गणित बाबांच्या बाजूने होतं, हे आधी कबूल करायला हवं. पीएफवर २०२२-२३ साठी ८.१५ टक्के व्याज जाहीर झालं होतं, कर्जाचा दर ९.४. बाबांचा पीएफ १९ लाख. म्हणजे पीएफ कर्जात टाकला तर सव्वा टक्क्याने वर्षाला २३,७५० रुपयांचा फायदा. कुठलाही सल्लागार हेच सांगेल, कमी व्याजाच्या पैशाने जास्त व्याजाचं कर्ज फेडा.

पण खासगी नोकरीतल्या माणसाची पेन्शन म्हणजे ईपीएस. पगार कितीही असो, हिशेब १५,००० च्या मर्यादेवर, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीचा तर त्याहून कमी, ६,५०० वर. पस्तीस वर्षं पूर्ण १५,००० वर धरली तरी महिना साडेसात हजारांच्या वर जात नाही. बाबांची यायची होती चार हजारांच्या आसपास. चार हजारांत दोघांची औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्ससुद्धा भागत नाही. म्हणजे तो १९ लाख हा 'पडून असलेला' पैसा नव्हताच, तीच त्यांची पेन्शन होती. घर बँकेच्या बोजातून सुटलं असतं आणि आईबाबा माझ्या पगारावर आले असते. माझा पगार म्हणजे काय, तर एका ईमेलवर अवलंबून असलेली गोष्ट. हिंजवडीत काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जवळपास बारा हजार लोक कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या बसमध्ये आठवडाभर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, आणि आम्ही तर टीसीएसचे पण नाही.

वर्षाला चोवीस हजार रुपयांचं नुकसान सोसून तो पीएफ तसाच ठेवायचा, असं मी ठरवलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनेच तोडगा काढला. ती म्हणाली, "त्यांचा पगार अजून अडीच वर्षं चालू आहे ना? मग घरखर्च त्यांचा आणि कर्ज तुझं." आणि खरोखर तसंच झालं. किराणा, वीज, गॅस, मेंटेनन्स, सगळं बाबांनी उचललं. माझ्या हातात येणाऱ्या पगारातला निम्म्याच्या आसपासचा भाग मोकळा झाला. लोक मला विचारतात एवढी बचत कशी केली, तर हे त्याचं खरं उत्तर आहे. आईवडिलांच्या घरात राहणारा, घरखर्च न देणारा सव्वीस वर्षांचा पोरगा होतो मी. ज्याला एकट्याने भाडं आणि हप्ता दोन्ही भरायचं आहे त्याने माझ्याशी तुलना करून स्वतःला कमी समजू नये. मुदत एकच ठरली, नोव्हेंबर २०२५. बाबांची निवृत्ती.

मग काय केलं ते पटकन सांगतो. मे २०२३ मध्ये शाखेत लेखी अर्ज देऊन हप्ता १९,२३३ वरून ३०,००० केला, आणि बोनसचे दीड लाख टाकले. या दोन गोष्टींनीच ५०२ चे ११४ महिने झाले. एका दुपारचं काम! वर दर महिन्याला १५,००० अॅपवरून जादा.

इथे एक बारीक मुद्दा आहे. सगळे ४५,००० हप्ता म्हणूनच का नाही लावले? कारण हप्ता ही सक्ती आहे आणि जादा भरणा ही आपली मर्जी. नोकरी गेली तर ३०,००० ची सोय करायची, ४५,००० ची नाही. व्याजाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. पुढे पगार वाढला तसा जादा भरणाच वाढवत नेला, दुसऱ्या वर्षी २५,०००, तिसऱ्या वर्षी ४०,०००. हप्त्याला पुन्हा हात लावला नाही.

दुसरा बारीक मुद्दा, जादा भरताना अॅप विचारतं, हप्ता कमी करू की मुदत? पुष्कळ लोक घाईत काहीतरी दाबतात. हप्ता कमी केला तर पुढच्या महिन्यापासून खिशात हजार-दीड हजार राहतात आणि ते कुठे जातात ते कुणालाच कळत नाही. मुदत कमी करा. आणि भरल्यावर आठवड्याने उतारा काढून बघा की ती रक्कम मुद्दलातच गेली का. आमच्याकडे एकदा ती 'आगाऊ हप्ता' म्हणून जमा होऊन नुसती पडून राहिली होती, तीन ईमेल आणि एक शाखाफेरी झाल्यावर सुटलं.

दंड? फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून बँकांनी मुदतपूर्व परतफेडीचा आकार घ्यायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. तरीही आजही मला लोक विचारतात, "पेनल्टी किती बसली?" शून्य. दर फिक्स्ड असेल तर मात्र करार वाचा.

आता दुसरा प्रश्न, वेडा आहेस का? माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला मित्र हा एसआयपीवाला आहे आणि त्याचं म्हणणं साधं आहे. घरकर्जासारखं स्वस्त कर्ज जगात नाही, करसवलत घे, हप्ता चालू ठेव, जादा पैसे बाजारात टाक. करसवलतीचं आधी बघू. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ९.४ चा दर त्या दोन लाखांपुरता साडेसहाच्या आसपास पडतो, आणि मग प्रीपेमेंटचा मुद्दा खरोखर ढिला होतो. पण २०२३-२४ पासून नवी करपद्धत हीच मूळ धरली जाते, मलाही तीच फायद्याची होती, आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. म्हणजे माझं ९.४ हे पूर्ण ९.४ होतं.

राहिला बाजार. मे २०२३ मध्ये सेन्सेक्स ६१-६२ हजारांच्या घरात होता, २०२५ संपताना ८५ हजारांच्या आसपास. हिशेब करा, वर्षाला बारा-तेरा टक्के पडतात. म्हणजे निव्वळ आकड्यांत मित्र जिंकला, मी त्याला तसं सांगितलंही, आणि त्याने माझ्याकडून कॉफी वसूल केली. पण मे २०२३ मध्ये हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. कर्जात टाकलेल्या पैशावर मला ९.४ टक्के नक्की मिळत होते, करमुक्त, आणि दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी ९.४ नक्की मिळत नव्हते. शिवाय मित्राच्या घरी पीएफ काढायला निघालेले वडील नव्हते. दर साडेसात असता, बाबा सरकारी पेन्शनवर असते, तर कदाचित मीही एसआयपीच केली असती. हा काही धर्म नाही.

काय सोडलं हेही लोक विचारतात. गाडी सोडली. वारजे ते हिंजवडी, डुक्कर खिंड आणि चांदणी चौक, बाइकवर, पावसाळ्यासकट. २०२२ मध्ये चांदणी चौकातला जुना पूल पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा सुरू झाला, तोपर्यंतचे दिवस आठवले की अजून कंबर दुखते. २०२४ च्या डिसेंबरात लग्न झालं, छोटंसंच. बायकोने पहिल्याच महिन्यात माझी शीट मागवून घेतली, वाचली आणि एकच अट घातली: सहा महिन्यांचा खर्च आणि आईबाबांचा आरोग्यविमा आधी बाजूला, मग काय टाकायचं ते बँकेत टाक. तिने ते सांगितल्यावर एक महिना जादा भरणा थांबवून ती रक्कम पूर्ण केली. लडाख राहिलं. ते ती विसरलेली नाही, याची मला दर रविवारी जाणीव करून दिली जाते.

२०२५ मध्ये रेपो फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत मिळून सव्वा टक्का उतरला, त्याने थोडा हातभार लागला, पण तोवर आमची शिल्लकच इतकी कमी झाली होती की दराने फारसा फरक पडत नव्हता. हीच तर मजा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बाबा निवृत्त झाले तेव्हा साडेपाच लाखांच्या आत बाकी होती. डिसेंबरअखेर सव्वाचार लाख. गाडीसाठी लावलेली रिकरिंग होती, ती मोडली. जानेवारीत चेक दिला.

हिशेब पूर्ण करायचा तर: मूळच्या तक्त्याप्रमाणे वीस वर्षांत २१ लाख १६ हजार व्याज जाणार होतं. प्रत्यक्षात गेलं ७ लाख ६५ हजारांच्या आसपास. आणि त्यातलं निम्मं, ३ लाख ८७ हजार, पहिल्या २५ महिन्यांत गेलेलं.

बाबांचा पीएफ निवृत्तीनंतर आला. तो त्यांनी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकला, ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी. पासबुक स्वतःच्या कपाटात ठेवलंय, मला दाखवलं पण हातात दिलं नाही :-)

आता कागदपत्रांचं. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. आम्हाला अठराव्या दिवशी फोन आला. शाखेत मी आणि बाबा दोघं गेलो. यादी घेऊन जा, हा माझा सल्ला: नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या, आधीच्या मालकाची साखळीतली कागदपत्रं, आणि नो ड्यूज सर्टिफिकेट. सर्साईतली तारणाची नोंद काढली का तेही विचारा, आणि दोन महिन्यांनी सिबिलवर कर्ज 'बंद' दिसतंय का ते बघा. बाबांनी करारनाम्याची पानं मोजून घेतली. काउंटरमागच्या बाई थांबल्या बिचाऱ्या. एका पानाला बँकेची टाचणी गंजून डाग पडला होता, त्याबद्दलही त्यांनी विचारलं.

घरी आल्यावर मला वाटलं संपलं. पण बाबा फाईल घेऊन तसेच खाली सोसायटीच्या ऑफिसात गेले. २०२१ मध्ये आपल्या फ्लॅटवर बँकेचा बोजा असल्याची नोंद सोसायटीच्या रजिस्टरात केली होती, ती काढून तसं लेखी द्या, म्हणून. सेक्रेटरी म्हणाले, रजिस्टर खजिनदारांकडे आहे, ते गावाला गेलेत, रविवारी या. उद्या रविवार आहे.